फिट मला येते, दादा

दादा,

दहाव्याला आलेला जो तो एकच वाक्य बोलत होता. "एवढा फिट माणूस, असा कसा गेला हो?" तुझ्या मलकापूरच्या घरापुढं खुर्च्या मांडल्या होत्या, वहिनी आत बायकांच्यात बसली होती आणि मी दारात उभी राहून येणाऱ्याला पाणी देत होते. साखर कारखान्यातले तुझे सोबती आले, ते म्हणाले. पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर आले, तेही तेच म्हणाले. सुट्टीवर आलेले दोन जवान आले. तुझ्या फोटोपुढं ताठ उभे राहिले, हात जोडले आणि बाहेर आल्यावर त्यातला थोरला मला म्हणाला, "ताई, आमच्यापरीस दादा फिट होते."

मला हसू आलं रे. खरंच आलं. मी पदर तोंडाला लावला, लोकांना वाटलं हुंदका आवरते आहे. सरकारनं शिक्का मारून अनफिट ठरवलेला आपल्या घरातला तू एकटाच. आणि फिट कोण, तर मी. हा विनोद आपल्या दोघांतच चालायचा. आता तो कळणारं एकच माणूस उरलंय, आणि एकटीला त्यावर हसता येत नाही, हे मला त्या दारात उभं राहून कळलं.

तू गेलास त्या दिवशी सकाळी फिरून आलास, चप्पल काढलीस, वहिनीला म्हणालास, "जरा टेकतो." टेकलास ते टेकलासच. तुझ्या तब्येतीची कुणी कधी चौकशीच केली नाही, मीसुद्धा नाही. आपल्या घरात विचारपूस व्हायची ती माझी. तू विचारणारा.

तो शब्द आपल्या घरात आला तेव्हा मी पाचवीत होते आणि तू दहावीत. अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडायला बायका बसल्या होत्या, मीही त्यांच्यात होते. मला त्यातलं एवढंच आठवतं की हातातला वेल एकदम लांब गेल्यासारखा दिसला. बाकी सगळं ऐकीव. मी मागं कोसळले, हातपाय झाडायला लागले, तोंडाला फेस आला. बायका ओरडल्या. एकीनं चप्पल आणून माझ्या नाकाला लावली, दुसरी कांदा फोडायला पळाली, तिसरी दातात चमचा घालायला बघत होती. आणि तू परड्यातून धावत आलास. तुला तरी काय कळत होतं तेव्हा? पण माझं डोकं उखळाच्या दगडावर आपटत होतं ते तुला दिसलं, आणि तू आधी तुझे दोन्ही तळहात माझ्या डोक्याखाली घातलेस. तुझ्या हाताची सालटी निघाली होती. ती मी शुद्धीवर आल्यावर पाहिली आणि मला वाटलं, मीच तुला चावले.

गावात त्याला फेफरं म्हणायचे. आई देवऋष्याकडं न्यायला निघाली होती. तू हट्ट धरलास आणि आप्पांनी मला कऱ्हाडच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "हिला फिट येते. गोळी रोज द्यायची, चुकवायची नाही. बाकी पोरगी चांगली आहे." परत येताना एसटीत आई पुन्हा पुन्हा तो शब्द तोंडात घोळवत होती. फेफरं म्हटलं की तिचा जीव कासावीस व्हायचा. फिट म्हटलं की त्यात काही वंगाळ वाटत नव्हतं. इंग्रजी शब्द म्हणजे तिला उघड्या अंगावर घेतलेल्या पदरासारखा होता. त्या दिवसापासून आपल्या घरात फेफरं हा शब्द कुणी उच्चारला नाही.

तू मात्र डॉक्टरांना सगळं विचारून घेतलं होतंस. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, गर्दी हटवायची. दुसऱ्याच दिवशी तू माझ्या वर्गात येऊन गुरुजींना हे सगळं सांगितलंस, माझ्या बाकावरच्या पोरींनाही सांगितलंस. विहिरीवर येणाऱ्या बायकांना सांगितलंस. आत्याच्या गावी गेलो तर तिथं पोचल्या पोचल्या सांगितलंस. "ही माझी भण. हिला फिट येती. आली तर भ्यायचं न्हाई." तू माझ्या पुढं चालायचास आणि माझी वाट मोकळी करत जायचास. त्या वयात मला त्याचं किती बरं वाटायचं! पुढं ज्याच्यावरून आपण पंचवीस वर्षं भांडलो, ते तुझं सांगणं त्या काळात माझ्या डोक्यावरची छत्री होतं. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर तू म्हणशील, बाईनं फक्त तक्रार लिहिली.

मग तुझी भरती. आप्पा फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, त्यांच्या मनात तू पाळण्यात असल्यापासूनच फौजी होतास. तुझ्यासाठी त्यांनी आपली जुनी लोखंडी ट्रंक काढून हिरवा रंग मारून ठेवला होता. तू पहाटे उसाच्या फडाकडच्या रस्त्यानं पळायचास. भरतीच्या मैदानात पळण्यात तू सगळ्यांच्या पुढं होतास, हे तुझ्याबरोबर गेलेल्या पोरांनीच येऊन सांगितलं होतं. उंची बसली, छाती बसली. शेवटी मेडिकलला डॉक्टरांनी तुला पाय ओले करून कोरड्या फरशीवर उभं केलं. तू बाजूला झालास. फरशीवर तुझ्या पावलाचा अख्खाच्या अख्खा ठसा, मधे कुठं वाक नाही. सपाट तळवे. अनफिट.

तू घरी आलास आणि न्हाणीच्या दगडावर पाय भिजवून अंगणभर ठसे उठवत बसलास. मी माझे उठवले. माझ्या पावलाला कशी छान कमान होती! तू ती बघितलीस आणि म्हणालास, "बघ की, पाय तुझा फिट, पळतोय मी." आईला ते ऐकवेना. ती चुलीपुढं बसून डोळे पुसत म्हणाली, "काय नशीब म्हनायचं ह्ये? पोरगं फिट न्हाई म्हून रडायचं, आन् पोरीला फिट हाय म्हून रडायचं."

आणि तू हसलास. मला वाटलं होतं तू कोलमडशील. आप्पांनी तर ट्रंक माळ्यावर टाकली होती. तू हसत हसत म्हणालास, "आये, देवानं वाटणी करताना पुडी बदलली. माझी हिला दिली." मग आईही हसली, आणि मी तर लोळले. पण त्या रात्री जेवताना तू भाकरी कुस्करत राहिलास, खाल्ली नाहीस. तेही मी पाहिलं होतं.

पुढं तू आयटीआयला गेलास आणि ट्रेड घेतलास तोही फिटरचा. "एका सरकारनं अनफिट म्हनलं, दुसऱ्यानं फिटर केलं," असं तू कुणालाही सांगायचास. सांगली जिल्ह्यातल्या कारखान्यात लागलास. गळीत हंगामात तुझ्या अंगाला येणारा तो मळीचा आणि ग्रीसचा वास अजून माझ्या नाकात आहे. पण मला तुझं सगळ्यात मोठं काम वाटतं ते वेगळंच. ज्या भरतीनं तुला परत पाठवलं, तिच्यासाठी तू पोरांना पळवायला लागलास. सुट्टीच्या दिवशी पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं तू पुढं आणि गावातली पोरं मागं. कडवटपणा म्हणून नाही. मी एकदा विचारलंही होतं, "दादा, तुला वाईट नाही वाटत? ही पोरं भरती होणार, तू नाही." तू बुटाची नाडी बांधत होतास. म्हणालास, "वाटतंय की. पर पळायला माझं मलाच लय आवडतंय गं. त्येला सरकार कुठं आडवतंय?" निवड झालेलं पोरगं आधी तुझ्या पायाशी यायचं, पेढा भरवायचं आणि म्हणायचं, "दादा, फिट झालो." दहाव्याला आलेले ते दोघं त्यातलेच.

आता त्या दिवसाचं लिहिते, आपल्या भांडणाचं.

मी बी.ए. झाले होते. शेवटची फिट येऊन तीन वर्षं उलटली होती, गोळी चालू होती. तासगावकडचं स्थळ आलं. मुलगा बँकेत. मामांनी जुळवून आणलं होतं. आदल्या दिवशी घरात ठरलं की तो विषय काढायचा नाही. मामा म्हणाले, "तीन वरसं झाली की आता. बरीच झाली म्हनायची." आप्पा काही बोलले नाहीत, आईनं देवाला हात जोडले. तू तिथंच भिंतीला टेकून बसला होतास. तूही काही बोलला नाहीस, म्हणून मला वाटलं तुला पटलं. मला कुणी विचारलं नाही. पण माझ्या मनात होतं की मुलाशी दोन मिनिटं बोलायला मिळालं, तर मी त्याला सांगेन. सांगितलंच असतं का? ते मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण ठरवलं होतं.

पाहुणे आले. पोहे झाले. मी सुपारीचं तबक घेऊन आतल्या दारात उभी होते. मुलाच्या चुलत्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता लपवून काय करायचं? पोरगी आमच्या घराला अगदी फिट बसतीया बघा."

तेव्हा तू भिंत सोडून पुढं सरकलास. "बसंल, पाव्हणं. पर त्याच्या आदी एक सांगायचं ऱ्हायलंय. हिला फिट येती."

त्यांच्यातला एक जण हसला. त्याला वाटलं तू कोटी केलीस. मामाही हसले, विषय हसण्यावारी जाईल म्हणून. पण तू थांबला नाहीस. कधीपासून, किती वेळा, कुठली गोळी, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सांगितलंस. "लपवून पोरगी द्यायची न्हाई आमाला. तुमी इचार करा," असं म्हणून पुन्हा भिंतीला टेकलास. मुलाच्या आईनं हातातली बशी खाली ठेवली. तिच्यात पोहे अर्धे होते. चहा न घेताच ती माणसं उठली. मुलगा जाताना एकदाच माझ्याकडं बघून गेला, कीव आल्यासारखा. त्याचं तोंडही आता आठवत नाही, ती नजर तेवढी आठवते.

आप्पांनी तुझ्यावर हात उगारला आणि मागं घेतला. मामा पुन्हा आपल्या घरी पाऊल टाकणार नाही म्हणाले. आईनं कपाळ बडवून घेतलं. आणि मी तुला परड्यात गाठलं.

"तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"खोट्यावर संसार उभा ऱ्हात न्हाई, नंदा."

"मग खरं मी सांगितलं असतं."

"कवा? अक्षता पडल्यावर?"

"कधीही. पण मी. फिट मला येते, दादा. तुला नाही."

तू हळूच म्हणालास, "तुझ्या डोक्याखाली हात माझा असतोय." हे तू फुशारकीनं बोलला नव्हतास, ते मला तेव्हाही कळत होतं. पण मी म्हटलं, "म्हणून डोकं तुझं होत नाही." आणि निघून आले. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी तुझ्याशी धड बोलले नाही.

ते बोलणं गावागावांत पोचलं. तीन वर्षं एक स्थळ आलं नाही. पण त्याच तीन वर्षांत मी साताऱ्याला बी.एड. केलं आणि वाईच्या शाळेत लागले. म्हणजे तू म्हणायचास तसं, वंगाळातून चांगलं झालं. भाऊबीजेला ताटात ओवाळणी टाकताना दरवर्षी तू मला डिवचायचास, "झालं का न्हाई चांगलं?" आणि मी दरवर्षी म्हणायचे, "प्रश्न तो नाहीच आहे." वहिनी आतून ओरडायची, "झाली ह्येंची भाऊबीज सुरू!"

वाईच्या शाळेत हे भेटले. विज्ञान शिकवायचे. शाळा सुटल्यावर एकदा आम्ही गणपतीच्या घाटावर बसलो होतो, नदीला पाणी बेताचंच होतं, बायका धुणं आवरून निघाल्या होत्या. यांनी लग्नाचं विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आधी सांगून टाकलं. माझ्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच परक्या माणसापुढं काढत होते. तोवर नेहमी तू सांगायचास. माझा आवाज इतका चिरका निघाला की पायरीवरचा भटजी वळून बघायला लागला. यांनी जरा विचार केला आणि विचारलं, "मग अशा वेळी जवळच्या माणसानं काय करायचं असतं?" मी सांगत गेले, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि सांगताना लक्षात आलं की शब्दन् शब्द तुझा आहे, त्याच क्रमानं.

लग्नाच्या आदल्या दिवशी तू यांना मांडवाच्या मागं घेऊन गेलास. मी खिडकीतून बघत होते. तू घसा खाकरलास. "पाव्हणं, एक सांगायचं ऱ्हायलंय."

हे म्हणाले, "नंदानं सांगितलंय मला. पहिल्याच दिवशी."

तू नुसता "बरं" म्हणालास. मग जाऊन मांडवाच्या दोऱ्या ओढून बघायला लागलास, चांगल्या ताणलेल्या असताना. तुझ्या त्या चेहऱ्याचा अर्थ मला कधी नीट लागला नाही. राग होता, की सुटका, की आपल्याकडचं काम कुणीतरी काढून घेतल्यासारखं काही? मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि हा एक शब्द आला की माझा तास लांबतो. पोरांना सांगते, बसतं ते फिट, धडधाकट तो फिट, आजारपणातून उठून कामावर जाताना डॉक्टर देतात तो दाखला फिट असल्याचा, ट्रकचा आणि एसटीचाही तसला दाखला असतो, ब्लाऊजची फिटिंग, नळाची फिटिंग. रागाची फिट येते, हसण्याचीही येते. पोरं विचारतात, "मॅडम, एकाच शब्दाला इतकं काम?" तुला हे सांगितलं की तू त्यात आपलं घुसडायचास. "आन् फिट्टंफाट? त्ये इंग्रजांनी आपल्याकडनंच नेलंय." मी समजावून थकले की फिटणं हे आपलं वेगळं क्रियापद आहे, डोळ्यांचं पारणं फिटतं, संशय फिटतो, त्याचा इंग्रजीशी संबंध नाही. तू म्हणायचास, "एवढं फिटतंय आन् संबंध न्हाई?" हे भांडण तू मुद्दाम जिवंत ठेवलंस. मी जिंकायला आले की वहिनीला चहा सांगायचास.

शेवटचं बोलणंही ह्याच शब्दावर झालं. तू जायच्या आठवड्यातच. सांगलीला कॉलेजात शिकणारी तुझी श्रेया सुट्टीला आली होती, नवीन ड्रेस घालून तुझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, फिट कसाय?" तू मला लगेच फोन लावलास. "नंदा, आता कापडालाच फिट म्हनायला लागली ही पोरं! तुमच्या पुस्तकात हाय का ह्ये?" मी म्हटलं, नव्या पोरांचा शब्द आहे, पुस्तकात येईल हळूहळू. तू इतका खूश झालास, जणू शेतात नवा झरा लागला. "म्हंजी वाढतोयच गं ह्यो!" श्रेया मागून "पप्पा, पुरे" म्हणत होती. मी घाईत होते, पेपर तपासायचे होते. "रविवारी बोलू," म्हणाले.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

तेराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी तुझ्या शेजारच्या शौकतभाईंची रुबीना आली. तुझ्या भिंतीला लागून त्यांचं ग्रिल-वेल्डिंगचं दुकान आणि मागं घर, म्हणून मी तिला लहानपणापासून बघून होते. आता फार्मसी करते, उंच झाली आहे. वहिनी नुकतीच लवंडली होती, म्हणून मी तिला माडीवर नेलं. बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "आत्या, मला पण फिट येते. तुमाला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. तू कधी बोलला नव्हतास. गावभर सांगणारा तू, दादा, ही गोष्ट तू मला, सख्ख्या बहिणीला, सांगितली नव्हतीस.

ती नववीत असताना पहिली फिट दुकानापुढंच आली, म्हणाली. कुणीतरी चप्पल आणली. तू भिंतीवरून उडी टाकून आलास. नंतर तिच्या अम्मीअब्बांना बसवून सगळं शिकवलंस, गोळी चुकू नये म्हणून रोज सकाळी कामावर जाताना भिंतीवरून विचारायचास, "रुबीना, झाली का गं?" तिनं "झाली काका" म्हटलं की मगच तुझी गाडी सुरू व्हायची. बाहेर मात्र कुणाला एक शब्द काढला नाहीस.

"मग मागच्या महिन्यात मिरजेहून माझ्यासाठी माणसं आली," रुबीना म्हणाली. "बघून गेली आणि मुलाचे मामू परत फिरून काकांकडं आले. मी खिडकीत होते. त्यांनी विचारलं, तुमी शेजारी, खरं सांगा, पोरीत काही खोट तर न्हाई ना? मला वाटलं, आता काका सांगणार. त्यांना खोटं बोलता येत न्हाई, सगळ्यांना माहितीय."

"मग?"

"काका म्हणाले, शेजाऱ्याला काय इचारता? पोरगी घरात हाय, शिकलेली हाय. जे इचारायचं ते तिला इचारा. ती सांगंल त्येच खरं."

ती पुढं म्हणाली, "ते गेल्यावर काका भिंतीपाशी आले. मला म्हणाले, आता तुला इचारतील. सांगायचं का न्हाई, कसं सांगायचं, तुझं तू ठरीव. मला वाटतं सांगावं, पर ते माझं वाटणं झालं. मी विचारलं, काका, तुमीच का न्हाई सांगितलं? मग ते जरा थांबले. म्हणाले, मी एकदा माझ्या भणीचं तिच्या आदी बोललो. बोललो ते बरोबरच बोललो. पर ते माझं नव्हतं."

खाली श्रेया कुणाला तरी चहा देत होती, कपांचा आवाज येत होता. मी रुबीनाला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. तिनं म्हटलं. तुझ्या बोलीतच, तुझ्यासारखं थांबून.

"तू सांगितलंस का मग त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं. मुलालाच सांगितलं, फोनवर. तो म्हणाला, घरी बोलून कळवतो." ती ओशाळं हसली. "अजून कळवलं न्हाई. काका रोज भिंतीवरून विचारायचे, गोळी झाली का, आणि निरोप आला का. आता मीच काय ते बघीन. तुमाला हे सांगावं वाटलं, म्हणून आले. काका तुमच्यापाशी बोलले असतील की न्हाई, माहीत नव्हतं."

नाही बोललास. इतक्या भाऊबीजा झाल्या, इतके फोन झाले. दरवर्षी मला "झालं का न्हाई चांगलं?" म्हणून डिवचत राहिलास आणि मनात कधीचा कबूल होऊन बसला होतास. मला सांगणं तुला का जड गेलं? की तुला वाटलं, भांडण मिटलं तर भाऊबीजेला आपण बोलायचं तरी काय? मी रुबीनाला जिन्यापर्यंत सोडलं, परत माडीवर आले, दार लावलं, आणि गेल्या बारा दिवसांत आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं. अशी माणसं मी फार पाहिली नाहीत रे. आपण बरोबर होतो हे न सोडता, त्याच्याशेजारी आपली चूक मांडून ठेवणारी. आणि नुसती मांडून नाही, पुढच्या वेळी तोंड आवरून दाखवणारी. बोलून दाखवणं त्यामानानं सोपं होतं. तू अवघड केलंस आणि सोपं राहू दिलंस.

आता माझ्याकडचं. तेही कधीचं राहिलं आहे.

त्या दिवशी मी तबक घेऊन दारात उभी होते आणि तू म्हणालास, "हिला फिट येती." मला राग आला हे खरं, आणि तो खोटा नव्हता, आजही नाही. ते सांगणं माझंच होतं. पण राग यायच्या आधी काहीतरी झालं होतं, दादा. सकाळपासून माझ्या पोटात गच्च गोळा होता. ती बाई माझ्याकडं बघून हसली की वाटायचं, आता ओळखेल. तू बोललास आणि तो गोळा सुटला. पाहुणे उठायच्याही आधी, आप्पांचा हात वर जायच्याही आधी, मी त्या दारात उभी राहून पोटभर श्वास घेतला होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "बघ, मी म्हनलं न्हवतं?"

म्हण आता. मी ऐकते आहे.